खाडीत मासे मेले म्हणजे कीटकनाशकच का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मांडवीच्या मुखाजवळ, भरती-ओहोटीच्या एका नाल्याकाठी तुमची वसाहत. संध्याकाळी डासांसाठी धुराची गाडी येते, सोसायटीचा माळी कुंपणालगत तणनाशक मारतो, नाल्याला बारा महिने वास येतो आणि गेल्या जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसानंतर सकाळी मेलेले मासे तरंगताना दिसले. तुमचा अकरा जणांचा व्हॉट्सअ‍ॅप गट झाला आहे आणि तुम्ही विचारताय: कीटकनाशकांविरुद्ध मोर्चा काढावा, की थेट हरित लवादाकडे, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांसाठीच्या खास न्यायालयाकडे, जावं?

माझं उत्तर: दोन्ही नको. निदान इतक्यात नको.

माझ्याबद्दल थोडं सांगते, म्हणजे कुठल्या बाबतीत माझं ऐकायचं ते तुम्हाला कळेल. मी रसायनशास्त्रातली. एकोणीस वर्षं पाणी आणि अन्न तपासणाऱ्या खाजगी प्रयोगशाळेत काढली. त्यानंतरची बारा-तेरा वर्षं गोव्यातल्या बार्देश आणि तिसवाडी तालुक्यांतल्या लोकांना नमुने घ्यायला, तक्रारी लिहायला मदत करते. मी वकील नाही, डॉक्टरही नाही. कायद्याचं खाली जे लिहिलंय ते सुनावण्यांच्या बाकांवर बसून शिकलेलं आहे.

तुमच्या प्रश्नात दोन-तीन विषं एकाच दमात आली आहेत. आणि बहुधा ज्याने मासे मारले, त्याचा उल्लेख फक्त 'वास' म्हणून आला आहे. खरी अडचण इथे आहे. तुमच्याकडे राग आहे, माणसं आहेत, पण आरोपीचं नाव चुकण्याची शक्यता मोठी आहे. चुकीच्या नावाने केलेली तक्रार फेटाळली गेली की पुढची खरी तक्रारही कोणी उघडून बघत नाही.

आधी मासे. पहिल्या पावसात मेलेले मासे बघितले की माझ्या मनात कीटकनाशक नंतर येतं, आधी प्राणवायू येतो. फेब्रुवारी ते मे नाल्याच्या तळाशी मैला, स्वयंपाकघरांचं तेलकट पाणी, कुजका पाला साचत जातो. पहिली जोराची सर आली की तो सगळा गाळ ढवळून वर येतो आणि रस्त्यावरची घाण वरून आत येते. हे सगळं कुजवणारे जिवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू काही तासांत फस्त करतात. रात्री शेवाळही प्राणवायूच वापरतं, म्हणून सगळ्यात वाईट वेळ पहाटेची. शिवाय पावसाने खारेपणा एकदम उतरतो, तो धक्का वेगळाच.

आठवून बघा, किंवा त्या दिवशी काठावर असलेल्यांना विचारा. मासे वर येऊन तोंड उघडमीट करत होते का? मोठे आधी गेले का? खेकडे पाण्याबाहेर चढून बसले होते का? तसं असेल तर ते गुदमरणं. उलट भर दुपारी, पाणी बरं दिसत असताना, पिल्लांपासून मोठ्यांपर्यंत सगळे एकदम गेले, सुंगटं (कोळंबी) आणि खेकडेही मेले, मासे मरण्याआधी वेडेवाकडे पोहत होते, असं असेल तर विषाचा संशय धरायला जागा आहे. डासांवर आणि बागांवर मारली जाणारी पायरेथ्रॉइड गटातली औषधं माणसाला त्या मानाने सौम्य असली तरी माशांना आणि सुंगटांना फार घातक असतात. ही लक्षणं निकाल देत नाहीत. कुठली बाटली भरायची, एवढं ठरवायला मात्र ती पुरतात.

मैल्याचा प्रश्न तुमच्या नाल्यापुरता नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले, त्यांत गोव्यातले ११ होते. मांडवी, साळ, म्हापसा नदी, सगळ्या त्यात आल्या. त्या यादीचा निकष कीटकनाशक नव्हता, बीओडी होता, म्हणजे पाण्यातली घाण कुजायला किती प्राणवायू लागतो याचं माप. लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर गेलं की पट्टा यादीत. मैला आणि सांडपाणी, ही आपली जुनी गोष्ट आहे. त्यावर घोषणा सुचत नाहीत, हीच तिची अडचण.

आता माझी स्वतःची एक चूक सांगते. गावाचं नाव सांगत नाही, तिथली काही माणसं अजून एकमेकांशी बोलत नाहीत. नऊ-दहा वर्षांपूर्वी तिथल्या ओढ्यात मासे मेले. वर टेकडीवर एक हॉटेल होतं, त्याच्या बागेत फवारणी चालायची. सगळ्यांची खात्रीच पटली होती आणि माझीही पटली. एका मुलाने मिनरल वॉटरच्या बाटलीत पाणी भरून आणलं. ते दोन दिवस कुणाच्या तरी ओसरीवर पडून होतं. मी ते कीटकनाशकांच्या चाचणीला पाठवलं. अहवाल आला: 'आढळले नाही'. ग्रामसभेत हॉटेलच्या माणसाने तो कागद मोठ्याने वाचून दाखवला. त्या अहवालाचा खरा अर्थ 'पाण्यात विष नाही' असा नव्हता. आमच्या यादीतलं, आमच्या मर्यादेच्या वर, या बाटलीत काही सापडलं नाही, एवढाच होता. पण भर सभेत हा फरक कोण ऐकून घेणार? चारेक महिन्यांनी त्याच ओढ्यात रात्री सेप्टिक टँकर रिकामा करताना लोकांनी पाहिला. तेव्हा मी फोन केले तर सभेला सहा माणसं आली.

त्यातून मी जे शिकले ते असं: आधी कागद, मग बाटली.

याचं कारण थोडं तांत्रिक आहे. प्रयोगशाळेला 'पाण्यात कीटकनाशक आहे का बघा' म्हणणं म्हणजे शुक्रवारच्या म्हापसा बाजारात नाव न सांगता माणूस शोधून आण म्हणण्यासारखं आहे. एका चाचणीत शंभर-दोनशे औषधं शोधता येतात, पण ती ठरलेल्या यादीतलीच. तुमचा माळी जे तणनाशक मारतो ते ग्लायफोसेट असेल, तर अशा नेहमीच्या चाचणीत ते दिसतच नाही. त्याची पद्धत वेगळी आणि ती मुद्दाम मागावी लागते. पायरेथ्रॉइड प्लॅस्टिकच्या बाटलीच्या भिंतीला चिकटतात आणि खाडीत गाळाला धरून बसतात, त्यामुळे पाण्याचा नमुना कोरा आणि तळाचा गाळ भरलेला, असं होऊ शकतं. त्यांच्यासाठी गडद काचेची बाटली, टेफ्लॉनचं अस्तर असलेलं झाकण, लगेच बर्फ आणि जोडीला गाळाचा नमुना हवा. कुठलं औषध शोधायचं हे ठाऊक नसेल तर पैसे पाण्यात जातात, अगदी शब्दशः.

औषधाचं नाव कागदावर असतं. माहिती अधिकाराचा अर्ज करा. पालिकेकडे आणि आरोग्य खात्याकडे विचारा: गेल्या दोन वर्षांत धुरीकरणासाठी कुठलं कीटकनाशक, किती टक्क्यांचं, किती लिटर घेतलं, गाडी कुठल्या तारखांना कुठल्या प्रभागात गेली, त्या तारखांना तिथे डेंग्यू-मलेरियाचे किती रुग्ण नोंदले होते, त्याआधी अळ्या शोधण्याची पाहणी झाली का. 'तांत्रिक नाव लिहावे' असं स्पष्ट म्हणा, नाहीतर 'डासांचे औषध' असं उत्तर येतं. मला एकदा चक्क 'लिक्विड' असं आलं होतं. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नाही दिलं तर पहिलं अपील, आणि तेही चुकवू नका. बऱ्याच जणांना माहीत नसतं की या कायद्यात माहिती म्हणजे फक्त कागद नव्हे. दप्तराची तपासणी करता येते आणि पदार्थाचा प्रमाणित नमुनाही मागता येतो. गाडीच्या टाकीतल्या औषधाचा नमुना मागणारा अर्ज मी दोनदा केलाय. नमुना मिळाला एकदाच, पण दोन्ही वेळा साठ्याची वही मात्र एकदम नीट लिहिली जाऊ लागली.

धुराच्या गाडीवर लोकांचा राग सगळ्यात जास्त असतो, कारण ती दिसते. तो पांढरा लोट बहुतेक डिझेलचा असतो, कीटकनाशक त्यात थोडं. सहसा मॅलॅथिऑन किंवा सायफेनोथ्रिनसारखं काहीतरी. ते त्या क्षणी उडत असलेल्या डासाला लागतं. पिंपातल्या अळीला, टायरमधल्या अंड्याला काही होत नाही. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि एरवी घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात, कपड्यांमागे बसतो, त्यामुळे संध्याकाळी रस्त्यावरून गेलेल्या धुराचा त्याला फारसा उपद्रव नाही. म्हणून साथ असताना, रुग्णाच्या घराभोवती, बाकी उपायांच्या जोडीला धूर करायचा असतो. चतुर्थीच्या आधी नगरसेवकाच्या सांगण्यावरून नव्हे.

पण आपणही प्रामाणिक राहायला हवं. 'फवारणी बंद करा' असा फलक घेऊन तुम्ही उभ्या राहिलात आणि समोर डेंग्यूने मूल अतिदक्षता विभागात ठेवलेली आई आली, तर तिला काय सांगणार? ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात पणजीत मलेरियाने मूळ धरलं ते बांधकामांवर आणि टाक्यांत साचलेल्या पाण्याच्या जोरावर. आजही बांधकाम मजुरांना आरोग्य कार्ड घ्यावं लागतं ते त्यामुळेच. आणि उपायही इथेच करून बघितलेले आहेत. राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्थेच्या गोव्यातल्या विभागाने नव्वदच्या दशकात पणजी-कांदोळी भागात अळ्या मारणारा बीटीआय हा जिवाणू आणि अळ्या खाणारे छोटे मासे वापरून प्रयोग केले होते. तेव्हा मागणी 'बंद करा' अशी ठेवू नका. 'धुरीकरण रुग्ण नोंदल्यावरच, आदल्या दिवशी सूचना देऊन, औषधाचं नाव जाहीर करून; आणि त्याआधी अळीनाशाची पाहणी झाल्याची नोंद दाखवा' अशी ठेवा. या मागणीला अधिकाऱ्यालाही नाही म्हणता येत नाही. आणि मुलांना गाडीमागे धावू देऊ नका. हे सांगायला पालिका लागत नाही. माझी भाची लहानपणी धावायची आणि मी गच्चीतून हसत बघायचे, तेव्हा मी प्रयोगशाळेत नोकरीलाच होते!

धुरानंतर खोकला आणि दम लागला तर ते डिझेलच्या धुराचं असू शकतं, विशेषतः दमेकऱ्यांना. पण मॅलॅथिऑनसारख्या औषधांची बाधा वेगळी दिसते: डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, उलट्या. असं कुणाला झालं, माळ्याला झालं तर विशेषच, तर बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, न्यायचं आणि औषधाची बाटली किंवा तिच्या लेबलचा फोटो बरोबर न्यायचा. डॉक्टरला सगळ्यात आधी तेच हवं असतं.

माळ्याचा विषय निघालाच आहे. तुमच्या सोसायटीतली फवारणी हा सगळ्यात सोपा भाग आहे. ती तुमच्याच पैशांनी होते, त्यासाठी मोर्चा कशाला? डबा मागवून घ्या आणि लेबल वाचा. त्यावर रंगीत त्रिकोण असतो: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. 'हिरवा आहे म्हणजे चालतं' असं तुम्हाला सांगितलं जाईल. तो रंग ठरतो उंदरांवरच्या तीव्र विषबाधेच्या मापावरून, म्हणजे माणसासारख्या सस्तन प्राण्यासाठी. खेकड्याला किंवा मधमाशीला काय होईल ते त्या त्रिकोणात नाही. व्यावसायिक कीडनियंत्रणवाला येत असेल तर त्याच्याकडे परवाना लागतो, प्रत मागा. परवाने देणारं कृषी खातं, त्याचं मुख्यालय टोंक-करंझाळेला कृषी भवनात आहे. ग्लायफोसेटबद्दल केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून ते फक्त कीडनियंत्रण करणाऱ्या परवानाधारकांमार्फतच वापरावं असा निर्बंध घातला. उत्पादक त्याविरुद्ध न्यायालयात गेले, म्हणून तुमचं पत्र त्या अधिसूचनेवर उभं करू नका, लेबलवर करा. पाण्याच्या कडेला मारू नये, हे लेबलवरच असतं.

आणि पत्राआधी माळ्याशी बोला. हातमोजे नसलेला, अनवाणी, पाठीला गळका पंप बांधलेला तोच माणूस त्या औषधाच्या सगळ्यात जवळ आहे. एका सोसायटीत आम्ही नुसतं विचारलं, 'तुम्हाला हे मारायला आवडतं का?' तो म्हणाला, कोयता द्या आणि दोन दिवसांची मजुरी द्या, मी कापून देतो. समितीने हिशेब केला, फरक नगण्य निघाला. तणनाशक त्याच महिन्यात बंद झालं. सगळीकडे इतकं सहज होत नाही, पण आधी विचारून बघायला काय जातं?

आता मैला. इथे जरा वेळ घालवते, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं पोट हे आहे असं मला वाटतं, आणि इथेच गट फुटतात. पहिलं काम: तुमच्या स्वतःच्या सोसायटीच्या टाकीचं झाकण उघडा. ओव्हरफ्लोचा पाइप कुठे जातो? मलनिस्सारण वाहिनी समोरच्या रस्त्यावर आली असेल तर जोडणी घेतली आहे का? पावसाळी गटारात कपडे-भांड्यांचं पाणी सोडलंय का? दहापैकी सहा-सात वेळा मला तक्रारदाराच्याच इमारतीचा पाइप नाल्यात सापडलेला आहे. हे माझ्या फेऱ्यांतलं माप, कुठल्या अभ्यासातलं नव्हे. तो आधी दुरुस्त करा आणि पावती जपून ठेवा. सुनावणीत समोरचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो.

मग ओहोटीच्या वेळी दोघांनी नाल्याच्या काठाने चालत जा. ओहोटीच का, तर भरतीला पाइपांची तोंडं बुडालेली असतात. प्रत्येक तोंडाचा फोटो, जागेचे अक्षांश-रेखांश, पाणी येतंय का, रंग, फेस, वास. पहाटे सहाला एक फेरी आणि रात्री अकरानंतर एक, कारण टँकर दिवसा येत नाहीत. टँकरचा नंबर मिळाला तर अडवायला जाऊ नका. नंबर, वेळ, जागा, बस्स. नाला कुणाच्या ताब्यात, पालिकेच्या, जलस्रोत खात्याच्या की कोमुनिदादच्या (गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणारी जुनी संस्था), हे जागेवर अवलंबून असतं. खाजन जमिनीत, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या सखल जमिनीत, शिरणारा नाला असेल तर मानशीची, म्हणजे बांधातून पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या मोरीची, दारं कोण उघडतो-मिटतो तेही विचारा. दारं बंद राहिली की पाणी कोंडतं आणि मासे कुठल्याही विषाशिवाय मरतात. हे तिथल्या जुन्या माणसांना माहीत असतं, आमच्या प्रयोगशाळेला नाही.

पाण्याची एक चाचणी तुम्ही स्वतः करू शकता आणि ती मला फार आवडते. विरघळलेला प्राणवायू मोजायचा जुना विंकलर किट मिळतो. ३०० मिलिलिटरची काचेची बाटली, एकही बुडबुडा न राहता काठोकाठ भरायची. त्यात जागेवरच मँगेनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइडचे थेंब टाकायचे, झाकण लावून हलवायचं. तळाशी बसणारा साका तपकिरी झाला तर पाण्यात प्राणवायू आहे. पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. मग मोजमाप करून आकडा काढता येतो. अंघोळीच्या नदीपाण्यासाठी तो लिटरला किमान ५ मिलिग्रॅम हवा. रसायनांना हातमोजे घाला, ती दाहक आहेत, आणि उरलेलं नाल्यात ओतू नका. एका नगरसेवकाच्या टेबलावर आम्ही तो पांढरा साका असलेली बाटली ठेवली होती. शेजारी दुसरी, वरच्या झऱ्याच्या पाण्याची, तपकिरी. त्यांना बीओडी कळलं नसतं, ते दोन रंग कळले.

पण अशा किटवर सगळी चळवळ टांगू नका. २०१८ च्या जुलैमधलं मासळीतलं फॉर्मेलिन प्रकरण आठवत असेलच. मडगावच्या घाऊक बाजारात किटवर फॉर्मेलिन दिसलं, त्याच दिवशी 'मर्यादेत आहे' असं सांगण्यात आलं, लोकांचा दोघांवरचाही विश्वास उडाला आणि शेवटी काही दिवस बाहेरून येणाऱ्या मासळीवर बंदी आली. माशात थोडं फॉर्माल्डिहाइड निसर्गतःच तयार होतं, हा मुद्दा त्या गदारोळात कुणाला समजावता आला नाही. किट संशय दाखवतो, आकडा प्रयोगशाळा देते, आणि शिक्षा होण्याजोगा नमुना तर फक्त राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकारी घेऊ शकतो. १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २१ मध्ये त्याची रीत आहे: नोटीस, नमुन्याचे दोन भाग, सील. तुमच्या बाटलीचा उपयोग एवढाच की मंडळाच्या साळगावच्या कार्यालयातल्या अधिकाऱ्याला योग्य जागी, योग्य वेळी यायला भाग पाडायचं. एवढाच म्हटलं, पण तो कमी नाही. कारण तो दुपारी बाराला भरतीच्या वेळी आला तर नमुना स्वच्छच निघणार. म्हणून पत्रातच लिहा: 'अमुक तारखेच्या ओहोटीला, सकाळी अमुक वाजता, क्रमांक ७ च्या पाइपाशी.'

इथपर्यंतचं थोडक्यात: मासे बहुधा गुदमरले, तणनाशक घरातल्या घरात सुटेल, धुरासाठी आधी कागद मागवा, मैल्यासाठी ओहोटीच्या फेऱ्या. आणि या सगळ्याखाली एक वही.

वहीचं महत्त्व मला केरळमधल्या कासरगोडकडे बघून कळलं. तिथल्या काजूच्या मळ्यांवर वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरने एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारलं जात होतं. लढा उभा राहिला तो पड्रे गावच्या डॉक्टरांनी ठेवलेल्या रुग्णांच्या नोंदींवर, आणि कृषी खात्यातच नोकरी करणाऱ्या एका बाईंनी १९९८ मध्ये खालच्या न्यायालयातून मिळवलेल्या मनाईवर. सर्वोच्च न्यायालयाची देशभरची बंदी आली १३ मे २०११ ला. म्हणजे मध्ये तेरा वर्षं. तुमच्या वहीत तारीख, वेळ, वारा, भरती की ओहोटी, पाऊस, काय दिसलं, कुणी पाहिलं, एवढे रकाने ठेवा. निष्कर्षाचा रकाना ठेवू नका. 'हॉटेलने विष सोडलं' हे वाक्य वहीत एकदा जरी असलं तर अख्खी वही पूर्वग्रहाची म्हणून बाजूला ठेवता येते. व्हॉट्सअ‍ॅपवरही कुणाचं नाव घेऊन आरोप नको. बदनामीच्या नोटिसा फार लवकर येतात, आणि भाड्याने राहणाऱ्याला घरमालकाचा फोन त्याहून लवकर येतो. तुम्ही भाडेकरू असाल तर पत्रावर पहिली सही तुमची नको.

मोर्चा कधी काढायचा? फोंडा तालुक्यातल्या केरीच्या भूतखांब पठारावर नायलॉन ६,६ च्या कारखान्याविरुद्ध लोक उठले, जानेवारी १९९५ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात निलेश नायक या तरुणाचा जीव गेला, आणि शेवटी कारखाना गेला. फोंड्याकडे आजही हे नाव घेतलं की माणसं गप्प होतात. पण तिथे अडवायला एक फाटक होतं. तुमच्या नाल्यावर चाळीस पाइप असतील तर मोर्चा कुणाच्या दारात नेणार? नेमका एक मोठा पाइप सापडला, दोन पत्रांना उत्तर आलं नाही, आणि तिसऱ्या वेळी खोटं उत्तर आलं, की मग काढा. तेव्हा लोक येतातही.

लवादाबद्दल एक सावधगिरी. हरित लवादाकडे कलम १४ खाली जायची मुदत वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने, कारण पटलं तर आणखी साठ दिवस. नुकसानभरपाईसाठी पाच वर्षं. गेल्या जूनची घटना पहिल्या मुदतीत बसणार नाही, पण चालू असलेलं सांडपाणी हा वेगळा मुद्दा वकील मांडू शकेल. गोव्याची प्रकरणं पुण्याच्या खंडपीठापुढे जातात. २०१७ मध्ये ती दिल्लीला हलवायचा घाट घातला गेला, तेव्हा उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तो हाणून पाडला. नाहीतर आज तुम्हाला दिल्लीचं तिकीट काढावं लागलं असतं. आणि तुम्ही बाई आहात म्हणून सांगते: विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळायला स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. हे वापरणाऱ्या फार थोड्या भेटतात.

तुमच्या अकरा जणांत कोण आहे ते तुम्ही लिहिलं नाही. अंदाज करते, सगळे फ्लॅटवाले? मग तिसऱ्या आणि खुबे, म्हणजे खाण्याच्या शिंपल्या, काढायला ओहोटीला चिखलात उतरणाऱ्या बायकांपैकी एखादी तरी गटात आणा. त्या पाण्यात पाय घालून सांगतात की पाणी कधी बदललं. फक्त त्यांच्या विक्रीवर गदा येईल असं काही वर्तमानपत्रात देऊ नका. 'खाडीतल्या तिसऱ्या विषारी' असा मथळा आला की सगळ्यात पहिलं नुकसान त्यांचं होतं आणि पाइपवाल्याचं काहीच होत नाही.

पावसाला अजून दोनेक महिने आहेत. तेवढ्यात माहिती अधिकाराची उत्तरं येतील, पाइपांचा नकाशा होईल. जूनमध्ये पहिल्या मोठ्या सरीच्या रात्री दोघांनी जागं राहायचं. पहाटे चार ते सहा, तीन जागी: पुलाखाली, तुमच्या सोसायटीच्या वरच्या अंगाला आणि जिथे मासे दिसले तिथे. प्राणवायूच्या बाटल्या जागेवरच बंद करा, बीओडीच्या त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचायला हव्यात, आणि औषधाचं नाव तोवर हातात आलं असेल तर गडद काचेच्या दोन. बर्फ आदल्या संध्याकाळीच मासळीवाल्या बाईकडे सांगून ठेवा, पहाटे चारला दुसरीकडे कुठे मिळत नाही.